नट-बोल्टची खोली आणि परवानगी : एक खुलासा

‘गच्चीवर स्टीलची खोली नट-बोल्टने उभी केली की ती तात्पुरती ठरते, महापालिकेची परवानगी लागत नाही,’ असा मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत (म्हणजे बांधकामाच्या नियमांत) ‘इमारत’ म्हणजे कोणत्याही साहित्याची रचना; वीट की लोखंड, हा प्रश्नच येत नाही. त्यात माणसं राहणार, तर नकाशा मंजूर हवा. विनापरवाना बांधकामाला १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. वेल्डिंग नसलं तरी!

‘स्टीलची खोली थंड राहते’ हेही अर्धसत्य. थंडावा पत्र्याचा नसतो, आतल्या पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या थराचा असतो. नुसत्या पत्र्याखाली मे महिन्यातली दुपार काढून बघा. आणि जुन्या स्लॅबवर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. वाऱ्याने छत उचललं जाऊ नये म्हणून अँकरिंगही (खोली स्लॅबला कशी जखडायची ते) त्यालाच ठरवू द्या, फॅब्रिकेटरला नव्हे.