दक्षिण कोरियाची प्रगती हुकूमशाहीची देणगी नव्हे

‘१९६० साली दक्षिण कोरिया भारताइतकाच गरीब होता. पार्क चुंग-ही या हुकूमशहाने बाजार मोकळा केला, सरकार उद्योगांतून बाजूला झाले आणि कोणापुढे हात न पसरता देश श्रीमंत झाला. गरीब देशाला लोकशाही परवडत नाही,’ अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. अर्थशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो निबंधात जसाच्या तसा उतरवलेला पाहिल्यावर गप्प बसवेना.

सरकार बाजूला झाले, हे धादांत खोटे आहे. १९६१ साली पार्क यांनी केलेल्या लष्करी उठावानंतर त्याच वर्षी नव्या राजवटीने व्यापारी बँका ताब्यात घेतल्या, १९६२ पासून पंचवार्षिक योजना राबवल्या आणि निर्यात वाढवणाऱ्या उद्योगांकडे स्वस्त कर्ज वळवले. जागतिक बँकेने प्रतिकूल मत दिलेला पोहांगचा पोलाद प्रकल्प सरकारनेच पुढे रेटला. पूर्व आशियातील बहुतेक सरकारांनी अर्थव्यवस्थेत पद्धतशीर हस्तक्षेप केला होता, हे त्याच बँकेला १९९३ च्या अहवालात मान्य करावे लागले.

याहून घातक मुद्दा लोकशाहीचा आहे. पार्क यांच्या काळात वाढ वेगाने झाली, हे नाकारता येत नाही. पण तिचा पाया त्यांनी घातलेला नव्हता. कमाल जमीनधारणा सुमारे तीन हेक्टरांवर आणून कुळांना जमीन देणारा कायदा दक्षिण कोरियाच्या लोकनियुक्त संसदेने १९४९ सालीच केला. भारतात १९६१ च्या जनगणनेनुसार साक्षरता २८ टक्के होती, तेव्हा दक्षिण कोरियातील बहुसंख्य प्रौढांना लिहिता-वाचता येत होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेचे कामही उठावापूर्वीच्या लोकनियुक्त सरकारनेच सुरू केले होते. हुकूमशाहीनेच देश श्रीमंत होत असते, तर मार्कोस यांचे फिलिपिन्स आणि मोबुटू यांचे झैरे (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) मागे का राहिले, याचे उत्तर त्या मजकुरात नाही. १९७० साली सोलमधील शिलाई कामगार जॉन ते-इल याने, कागदावर असलेले कामगार कायदे पाळले जावेत एवढ्याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतले, याचाही त्यात उल्लेख नाही. १९८७ च्या जनआंदोलनाने लोकशाही परत आणली आणि त्यानंतरही देशाची भरभराट होतच राहिली.

हात न पसरल्याचा दावा दोन वाक्यांत निकालात निघतो. १९५० च्या दशकात हा देश अमेरिकी मदतीवर तगून होता. पोहांगच्या कारखान्यासाठी लागलेल्या भांडवलाचा मोठा हिस्साही जपानने १९६५ च्या दोन्ही देशांतील संबंध सुरळीत करणाऱ्या करारानुसार दिलेल्या निधीतून आला.