‘अग्रेसर’चा ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ झालेला नाही

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या सेल्सवाल्यांपासून कॉलेज रोडच्या निवृत्त मंडळींपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ हा शब्द इंग्रजांनी आपल्या ‘अग्रेसर’वरून उचलला, खरा अर्थ ‘पुढे जाणारा’, हल्ल्याचा अर्थ मागाहून चिकटवला.

इंग्रजांनी आपले शब्द नेले, यात वाद नाही. ‘लूट’ आणि ‘ठग’ त्यांच्या कोशात आहेतच. हा मात्र त्यातला नव्हे. रोमचा सेनापती ज्युलियस सीझर, इ.स.पू. ५८ मध्ये आपण हेल्वेशियन लोकांवर (आजच्या स्वित्झर्लंडकडच्या टोळ्यांवर) कसे तुटून पडलो हे सांगताना, लॅटिनमध्ये ‘अग्रेसुस’ असं लिहितो. तेव्हा इंग्रजी जन्मालाही आली नव्हती. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून १७व्या शतकात ‘अ‍ॅग्रेशन’ होऊन इंग्रजीत आला.

उच्चार जुळतो? जुळतो की. नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून आलं की नऊ शिखरांवरून, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय. दोन्हीकडे उच्चार जुळतोच. फोड करून बघा. ‘अग्रेसर’ म्हणजे अग्रे + सर, पुढे सरणारा. लॅटिन शब्दात ‘अद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणं. सत् + जन याचा ‘सज्जन’ होतो तसा तिथे ‘द्’चा ‘ग्’ झाला. म्हणजे त्यात ‘अग्र’ नाहीच! त्याच धातूचे ‘प्रोग्रेस’ आणि ‘काँग्रेस’. १९५० साली नाशकात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा ‘अ‍ॅग्रेशन’चं हे सख्खं भावंड गावात येऊन गेलं म्हणायचं.

अर्थाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ जवळ जाणं, काम हाती घेणं असाही होता. पण हल्ला करणं हा अर्थही लॅटिनमध्येच होता, कुणी नंतर चिकटवला नाही. उलट सेल्सच्या मीटिंगमधला ‘धडाडीचा’ हा अर्थच अलीकडचा, बराचसा अमेरिकेतला.

जोडीदार शोधायचाच तर ‘अग्रेसर’ सोडा, ‘आक्रमक’ घ्या. आ + क्रम्, आणि ‘क्रम्’ म्हणजेही पाऊल टाकणं; ‘पराक्रम’ त्यातलाच, तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा ‘त्रिविक्रम’ही त्यातलाच. दुसऱ्याच्या दिशेने पाऊल पडलं की चाल करून जाणं आलंच, हे रोममध्ये आणि इथे आपापलं सुचलं. उसनवारी कुणाचीच नाही.