क्लॉक स्लो आहे म्हणून आयबीस मॉडेल नको? असं नसतं

एफपीजीए (आतलं सर्किट नंतर आपण ठरवायची चिप) बोर्ड करणाऱ्यांच्यात एक मेसेज सारखा फिरतोय, की क्लॉक ५० मेगाहर्ट्झच्या खाली असेल तर सिग्नल इंटिग्रिटीचं (ट्रॅकवरून सिग्नल नीट पोचतो का ह्याचं) सिम्युलेशन करायचं कारणच नाही, आयबीस मॉडेल (चिपच्या पिनचं इलेक्ट्रिकल वागणं टेबलांत मांडणारी फाईल) म्हणजे अंदाजपंचे काम, खरं उत्तर फक्त स्पाइस (ट्रान्झिस्टरपर्यंत सर्किट सोडवणारं सिम्युलेशन) देतं, आणि करायचंच असेल तर चिपवाल्यांच्या साईटवरून फाईल उतरवा, टिपिकलला (चिपच्या सरासरी स्थितीला) चालवा, झालं. नवीन मुलं हे वाचून बोर्ड फॅबला पाठवतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, स्लो क्लॉक. अहो रिफ्लेक्शन, म्हणजे टोकावरून सिग्नल उलटा येणं, क्लॉकवर नाही, एजवर ठरतं, म्हणजे सिग्नल किती पटकन वर-खाली जातो त्यावर. पिन १० मेगाहर्ट्झचा क्लॉक देत असली तरी फास्ट सेटिंगला तिचा एज नॅनोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं मटेरियल) वर १५० मिलिमीटर जायलाच साधारण १ नॅनोसेकंद लागतो. कागदावर करून बघा: ड्रायव्हर २० ओहम, ट्रॅक ५० ओहम, ३.३ व्होल्ट, टोकाला नुसतं सीमॉस इनपुट (जवळजवळ करंटच न घेणारं). निघताना ३.३ चे ५०/७० म्हणजे २.३६ व्होल्टची लाट निघते, टोकाला दुप्पट होऊन ४.७ होते. खाली येताना तसंच, आधी उणे १.४ आणि २ नॅनोसेकंदांनी उसळून ०.६ व्होल्ट. लो ची हद्द ०.८ आहे, म्हणजे हातात राहिले ०.२, त्यातच शेजारच्या ट्रॅकचा क्रॉसटॉक आणि ग्राउंड बाउन्स (स्विचिंगने ग्राउंडच हलणं). ह्या सगळ्या हिशोबात क्लॉकची फ्रिक्वेन्सी कुठेच आली नाही! ड्रायव्हरजवळ ३३ ओहम सिरीजमध्ये टाकला की टोकाला ३.२ येतात आणि रिंगिंग जवळजवळ जातं. पिनमधले क्लॅम्प डायोड (व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की रोखणारे) हे उणे टोक किती कापतात ते मात्र हाताने निघत नाही, त्यासाठीच मॉडेल लागतं.

आता अंदाजपंचे. आयबीस १९९३ पासून आहे आणि त्यातली टेबलं कुणी मनाने लिहीत नाही. पुलअप, पुलडाउन (पिन वर आणि खाली ओढणारे भाग) आणि दोन्ही क्लॅम्पचे व्होल्टेज-करंट कर्व्ह, वर-खाली जातानाचे वेव्हफॉर्म, पिनचं कपॅसिटन्स, हे बहुतेक वेळा त्या बफरच्याच ट्रान्झिस्टर लेव्हल सिम्युलेशनमधून काढतात, म्हणजे स्पाइसमधूनच की. आतलं सर्किट उघड होत नाही म्हणून कंपन्या ते मोकळेपणाने देतात, आणि शेकडो नेट (बोर्डावरच्या जोडण्या) तपासायचे तर स्पाइसपेक्षा ते कितीतरी पटकन पळतं. एक खरं आहे, आयबीस ५.० च्या आधीच्या मॉडेलमध्ये खूप पिना एकदम स्विच झाल्यावर सप्लाय बसतो तो नीट दिसत नाही, आणि गिगाबिट ट्रान्सिव्हरला साधं आयबीस पुरत नाही, तिथे एएमआय (आयबीसमधलाच वेगवान लिंकसाठीचा मॉडेल प्रकार) लागतं. पण म्हणून एसपीआयच्या (फ्लॅशसारख्या चिपला जोडणाऱ्या साध्या सिरीयल बसच्या) नेटसाठी स्पाइसची वाट बघत बसायचं का?

टिपिकलबद्दल थोडक्यात. ओव्हरशूट फास्ट कॉर्नरला (चिप सगळ्यात जलद चालते त्या टोकाला) दिसतं, टायमिंग स्लोला (सगळ्यात मंद टोकाला) मरतं, टिपिकलला दोन्ही झाकलेलं. आणि सी-कॉम्पची (वरच्या त्या कपॅसिटन्सची) मिन-मॅक्स नुसत्या आकड्याने लावलेली असते, स्लो-फास्ट प्रमाणे नाही, त्यामुळे स्लो कॉर्नरला त्याची मॅक्स घ्यायची, इथे पुष्कळजण चुकतात.

सगळ्यात घातक म्हणजे "फाईल उतरवा". साध्या चिपची पिन ठरलेली असते, एफपीजीएची नसते. एकाच पिनसाठी त्या फाईलमध्ये एलव्हीसीमॉस, एसएसटीएल, एलव्हीडीएस असे सिग्नलचे प्रकार, ड्राइव्हचे वेगवेगळे मिलिअँप, एज स्लो-फास्ट अशी ढीगभर मॉडेलं असतात, आणि तुमची पिन कुठली ते तुमची कन्स्ट्रेंट फाईल (डिझाईनमधल्या पिनांची सेटिंग असलेली) ठरवते. आमच्या एका बोर्डावर फ्लॅश मधूनच एक बिट सरकलेला डेटा द्यायची. सिम्युलेशन स्वच्छ होतं, मी स्वतः केलं होतं, १२ मिलिअँप स्लो. दोन दिवस फर्मवेअर उपसलं, मग स्कोप थेट फ्लॅशच्या क्लॉक पिनवर लावला तर प्रत्येक फॉलिंग एजनंतर एक कुबड, फ्लॅशला कधी कधी तो जादाचा क्लॉक वाटायचा. टायमिंग बसत नव्हतं म्हणून मधल्या काळात कन्स्ट्रेंटमध्ये १६ मिलिअँप फास्ट झालं होतं आणि माझं मॉडेल जुन्या पिनचंच राहिलं होतं. नवीन मॉडेल लावल्यावर तेच कुबड सिम्युलेशनमध्ये जसंच्या तसं आलं, ट्रॅक कापून ३३ ओहम बसवला तेव्हा थांबलं.

विवाडो आणि क्वार्टस (एफपीजीए डिझाईनची सॉफ्टवेअरं) दोन्ही तुमच्या डिझाईनपुरती आयबीस फाईल लिहून देतात, पिननिशी मॉडेल लावून. आम्ही आता आयओ कन्स्ट्रेंट बदलला की त्याच दिवशी ती परत काढतो आणि क्लॉकचे नेट पुन्हा चालवतो.