गरम इंजिनाचा आजार थंड इंजिनावर कसा सापडेल?

सकाळी पहिल्याच किकला सुरू होणारी माझी चाळीस वर्षांची टू-स्ट्रोक मोटारसायकल वीस किलोमीटर धावल्यावर बंद केली की अर्धा तास दाद देत नाही, आणि ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलो की प्रत्येक वेळी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटरच उघडला जातो! वर्षभरात तो चार वेळा धुतला, दोनदा त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडे, बदलले, नवे प्लग बसवले. पण इंजिन तापलेले असताना प्लग काढून ठिणगी पाहण्याचे कष्ट एकाही मिस्त्रीने घेतले नाहीत. गाडी रात्रभर ठेवायची, सकाळी थंड इंजिनावर किक मारायची आणि ‘झाली दुरुस्त’ म्हणून पैसे मागायचे, ही काय तपासणी झाली? प्लग पेट्रोलने ओला आणि ठिणगी निळी असेल तर फ्लोटची निडल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई, गळते का ते पाहावे. प्लग कोरडा असेल तर टाकीच्या झाकणातले हवेचे भोक तुंबले आहे का ते तपासावे. ठिणगी पिवळी, मरगळलेली असेल तर संशय ठिणगीच्या वायरिंगमधल्या, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरवर आणि ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या, पण तापल्यावर इन्सुलेशन दगा देणाऱ्या कॉइलवर घ्यावा. एवढे अवघड आहे का हे? त्यात रस्त्यावरचा प्रत्येक जाणकार ‘चोक ओढा’ म्हणतो! अहो, चोक म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणे; गरम इंजिनाला तो दिला तर मिश्रण आणखी दाट होऊन प्लग भिजणार नाही का? परवा भर उन्हात मीच प्लग काढला. ठिणगी पिवळी होती. कंडेन्सर बदलला आणि तापलेली गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.