नाकात तेल, गोळ्या बंद: एका फॉरवर्डचा समाचार

"वास येत नाही? सावधान! हा पार्किन्सन्स आहे!!" असा मथळा, मध्ये लाल बाण आणि शेवटी 'किमान दहा ग्रुपवर पाठवा'. हा मजकूर सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरात फिरतोय. एरवी मी तो न वाचताच उडवला असता. पण सहकारनगरच्या मामाने तो माझ्या आईला पाठवला. आईला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे, वास येत नाही, आणि धाकट्या भावाचा शब्द तिला न्यूरोलॉजिस्टच्या शब्दापेक्षा जड वाटतो. दुपारची गोळी डबीत तशीच पडलेली दिसली, तेव्हा मला हे प्रकरण कळलं.

दावे थोडक्यात असे आहेत. डोळे मिटून हिंग आणि कॉफी ओळखता आली नाही तर पाच वर्षांत पार्किन्सन्स होणारच. पार्किन्सन्सच्या गोळ्यांमुळे वासाची नस मरते, म्हणून गोळ्या बंद करा. कापूर, ओवा, लवंग तिळाच्या तेलात उकळून रात्री नाकात सोडा, नस उघडेल आणि कंपही थांबेल. वास पूर्ण गेला म्हणजे रोग शेवटच्या टप्प्यात आहे. आणि परदेशात एक बाई नुसत्या वासावरून हा रोग ओळखते, पण डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.

गोळ्यांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचा मूर्खपणा परवडतो, हा परवडत नाही.

आधी साधा हिशेब. आईचं नाक गेलं तेव्हा घरात पार्किन्सन्स हा शब्दही आला नव्हता. दूध करपून पातेलं काळं व्हायचं आणि ती शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत असायची. सिंडोपा, म्हणजे तिची लेव्होडोपाची गोळी, त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली. जी गोळी घेतलीच नव्हती, तिने नाक कसं मारलं? हे फक्त आमच्याच घरात घडलेलं नाही. नुकतंच निदान झालेल्या, एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांची गंधचाचणी घेतली तरी बहुतेकांचा वास कमी झालेलाच सापडतो. गोळ्या सुरू केल्यावर तो परत येत नाही हे खरं, पण गोळ्यांनी तो घालवलेलाही नसतो. या रोगात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूत साचतात. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की बऱ्याच रुग्णांत ही साठवण हालचालीच्या केंद्रांपर्यंत पोचण्याआधी मेंदूचा गंध घेणारा भाग आणि मेंदूचा खालचा दांडा इथे सुरू होते. सगळ्यांत तसंच घडतं का यावर वाद आहे. पण बिघाड नाकपुडीत नसून मेंदूत आहे, यावर वाद नाही. तुंबलेलं काही नाहीच, तर उघडायचं काय?

आता गोळी बंद केल्यावर काय होतं ते बघू. लेव्होडोपाचा असर काही तासांचाच असतो. एक डोस चुकला की पाय जमिनीला चिकटतात, कूस बदलता येत नाही, घास गिळणं अवघड होतं. गोळीचा असर उतरल्यावरच्या या अवस्थेला 'ऑफ' म्हणतात; ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना ती सांगायला नको. मोठ्या डोसवरच्या माणसाने गोळ्या एकदम थांबवल्या तर कधीकधी भयंकर ताप येतो, सगळं अंग ताठ होतं, शुद्ध हरपते, आणि आयसीयूत हलवावं लागतं. यात माणसं दगावतात. डोस कमी करायचाच असेल तर न्यूरोलॉजिस्ट तो टप्प्याटप्प्याने करतात. 'बंद करा, वास परत येईल' असं लिहिणाऱ्याने हातात बाण आणि इमोजी आहेत म्हणून हे लिहिलं. माझ्या मामाने ते न वाचता पुढे ढकललं, असंच मी मानते. वाचून ढकललं असेल तर आणखी वाईट.

तेलाचा उपायही दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. पार्किन्सन्समध्ये गिळण्याची क्रिया मंदावते आणि खोकून बाहेर काढण्याची ताकद कमी होते. रात्री आडवं पडून नाकात सोडलेलं तेल घशातून फुप्फुसात उतरलं तर त्याचा न्यूमोनिया होतो, आणि न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नस्य हा आयुर्वेदातला प्रकार आहे हे मलाही माहीत आहे. तो करायचा तर वैद्यांना रुग्ण दाखवून, आणि गिळायला त्रास होतो हे त्यांना सांगून. फॉरवर्ड वाचून नव्हे.

'पण मला कापराचा वास आला!' हे आई म्हणाली, आणि मजकुराखालच्या अनुभवकथनांतही तेच आहे. ती खोटं बोलत नाही. कापूर, निलगिरी, पेपरमिंट, अमोनिया या गोष्टी वासाच्या नसेखेरीज चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नसही चाळवतात. ती नस थंडावा आणि झणझणीतपणा कळवते, आणि पार्किन्सन्समध्ये ती बरीचशी शाबूत राहते. म्हणजे आईला लागला तो कापराचा चटका होता, वास नव्हे. खात्री करायची तर डोळे मिटायला सांगून मोगऱ्याचं फूल नाकाशी धरा. मी धरलं. तिने विचारलं, 'काही धरलंयस का?' याच कापूर-ओवा-लवंगेची पोटली २०२१ मध्ये, कोव्हिडच्या फॉरवर्डमध्ये, ऑक्सिजन वाढवत होती, आठवतंय ना?

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. गंधाचा सराव नावाचा प्रकार खरोखर आहे. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायला दिले. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांवरही तो करून पाहिला, तेव्हा वासाच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. लवंग दोन्हीकडे आहे, एवढंच साम्य. ते बाटलीतून हुंगायचं असतं, नाकात ओतायचं नसतं, आणि कंप थांबतो असं त्यांनी म्हटलेलं नाही.

हिंग-कॉफीच्या भविष्यवाणीत अर्धं सत्य आहे. बहुतेक रुग्णांचा वास कमी होतो, काही पाहण्यांत ९० टक्क्यांपर्यंत, आणि अनेकांचा कंपाच्या आधी. पण उलटं गणित चालत नाही. हवाईमधल्या जपानी वंशाच्या २२६७ वृद्ध पुरुषांची गंधचाचणी घेऊन त्यांच्यावर आठ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पार्किन्सन्स झाला फक्त ३५ जणांना. सर्वांत कमकुवत नाक असलेल्या चौथाई गटात धोका जवळपास पाचपट निघाला, हे खरं. पण समजा ते सगळे ३५ त्याच गटातले होते, तरी त्या साधारण ५६७ माणसांपैकी शंभरातल्या चौऱ्याण्णवांना काही झालं नाही. शिवाय हा संबंध पहिल्या चार वर्षांतच दिसला, नंतर नाही. सर्दी, नाकातले मांसल कोंब, डोक्याला मार, कोव्हिड आणि नुसतं वय, एवढी कारणं रांगेत पुढे उभी आहेत. डॉक्टर वासाचा उपयोग करतात, पण हालचालींची लक्षणं दिसल्यावर, पूरक पुरावा म्हणून. आमच्या ग्रुपवरच्या साठीतल्या निम्म्या मंडळींनी रविवारी हिंगाच्या डब्या हुंगून स्वतःला रोगी ठरवलं, त्यात दोघांना सर्दी होती.

शेवटच्या टप्प्याचा दावा उलटाच आहे. वास आधी जातो आणि रोग किती पुढे गेला याच्याशी त्याचा फारसा मेळ नसतो. त्या परदेशी बाई खऱ्या आहेत. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांना नवऱ्याच्या अंगाचा वास निदानाच्या कितीतरी आधी बदललेला जाणवला. मँचेस्टर विद्यापीठात त्यावरून त्वचेच्या तेलकट स्रावावर संशोधन झालं आणि ते छापलंही गेलं. कोणी लपवलेलं नाही. आणि त्यात नाक जॉयबाईंचं होतं, रुग्णाचं नव्हे.

वास गेलेल्या माणसाला खरोखर जे सांगायला हवं, त्यातलं एक अक्षर त्या मजकुरात नाही. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, आणि आईला त्याचाच वास येत नाही. गॅस डिटेक्टर लावा. सिलिंडर असेल तर जमिनीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. पाइपचा गॅस आला असेल तर छताजवळ, कारण तो हलका असतो. गळतीची शंका आली तर एलपीजीसाठी १९०६ हा नंबर आहे. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख चिकटवा, कारण आंबलेली आमटी तिला ओळखू येणार नाही. आणि हे रुग्णाच्या मुलांना पाठवा, रुग्णाला नको.