“पोटची पोरं विकतात” असं लिहिण्याआधी हे वाचा

मानवी तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कामाठीपुरा येतो, बुधवार पेठ येते, नाहीतर हल्ली नोकरीच्या आमिषाने म्यानमारला नेऊन सायबर फ्रॉडच्या कामाला जुंपलेली पोरं येतात. ते सगळं आहेच. पण आज मला लिहायचंय ते मेंढ्यांमागे पाठवलेल्या कातकरी आदिवासी पोरांबद्दल, कारण त्यांच्यासाठी मेणबत्ती मोर्चे निघत नाहीत.

2022 आठवतंय का? इगतपुरी तालुक्यातलं उभाडे. कातकरी वस्तीतली जेमतेम दहा वर्षांची पोरगी, काही हजार रुपये आणि एक मेंढी एवढ्या बोलीवर नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिलेली. ती परत आली ती मरणाच्या दारात, रात्री झोपडीबाहेर आणून टाकलेली, आणि सप्टेंबरमध्ये नाशिकला हॉस्पिटलात वारली. मग श्रमजीवी संघटनेने लावून धरलं, घोटी पोलिसात गुन्हा दाखल झाला आणि त्याच भागातली अजून पोरं अशीच कामाला दिलीत हे एकापाठोपाठ एक बाहेर यायला लागलं. म्हणजे एका लेकराचा जीव गेल्यावर यंत्रणेला जाग आली. आजूबाजूच्या गावांना माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये, पोरगं वर्षभर वस्तीवर दिसत नाही आणि कोणालाच काही वाटत नाही असं होतं का?

तेव्हा बातम्यांखालच्या कॉमेंट्स वाचून डोकं सुन्न झालं होतं. “असले आईबाप”, “दारूसाठी विकली असणार”, “पोसता येत नाहीत तर जन्माला कशाला घालता”. अरे, त्या घरात भाद्रपदात काय असतं ते बघितलंय का कोणी? भात लावणी संपली की मजुरी बंद. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांना पीक यायची वाट बघण्यातही अर्थ नसतो. कापणीपर्यंत हातात काही नाही, घरातलं कोणी आजारी पडलं की उधारी, आणि नेमका तेव्हाच मजूर गोळा करणारा मुकादम येतो. वीटभट्टीसाठी, ऊसतोडीसाठी, कोळशासाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. मी एका वाडीवर एका मुकादमाची वही पाहिली आहे. नावापुढे रकमा, त्यापुढे निळे अंगठे, मधेच “औषध”, “लग्न”, “तांदूळ” अशा नोंदी. जिचा अंगठा होता त्या बाईला विचारलं किती फिटले, तर म्हणाली, “ते शेटलाच ठाव.” या हिशेबातून पोरांची पाळी येते. पोटाला तरी मिळेल, तिकडं भाकरी तरी खाईल, असं म्हणून आई पाठवते. तिला दोषी धरणं सोपं आहे हो, कारण मग आपल्याला पुढचं काही करावं लागत नाही.

(आणि कृपा करून हे कुठल्या एका समाजावर ढकलू नका. मेंढपाळ स्वतः वर्षातले कित्येक महिने उघड्यावर काढतात. पण स्वतःची परवड आहे म्हणून दुसऱ्याचं लेकरू राबवायचा हक्क मिळत नाही.)

कायदा नाही असंही नाही. असं कर्जापायी राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, ती 1976 च्या कायद्याने बंद झाली. त्यात वेठबिगाराचं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि ते कर्ज वेठबिगारीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्या मालकावर असते. ठाणे-वसईकडे लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी ऐंशीच्या दशकात विवेक पंडित, विद्युल्लता पंडित आणि त्यांच्या साथीदारांनी याच कायद्याचा आधार घेऊन सोडवले. आज चाळीस वर्षांनी आपण तिथेच आहोत याचा मला खरंच संताप येतो.

सुटका झाली की फोटो येतो, अधिकारी, पोरं, बिस्किटाचे पुडे. त्यानंतर काय, ते कोणी विचारत नाही. सगळं अडतं ते मुक्तीच्या दाखल्यावर. हा माणूस वेठबिगार होता आणि सुटला असं सांगणारा तो सरकारी कागद, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा कलेक्टर देतात. केंद्राच्या योजनेत 30 हजारांपर्यंत तातडीची मदत आहे, आणि पूर्ण पुनर्वसनासाठी पुरुषाला 1 लाख, बायका-मुलांना 2 लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या भयंकर प्रकरणात 3 लाख. पण दाखला नसेल तर यातलं काहीच पुढे सरकत नाही, आणि मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली. आता सांगा, खटला चालायचा वर्षानुवर्षं, साक्षीला तालुक्याला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडणार, वर समोरच्याची माणसं वस्तीवर येऊन “मिटवून टाका” म्हणणार. असं कुटुंब पुन्हा उचल घेणार नाही तर काय करणार? माझं स्पष्ट मत आहे, दाखला सुटकेच्या दिवशीच हातात पडला पाहिजे आणि पुनर्वसनाचे पैसे निकालापासून कायमचे सोडवले पाहिजेत. आरोपीला शिक्षा कधी होईल तेव्हा होईल, पोराच्या जेवणाचा त्याच्याशी काय संबंध?

आणि त्याच्याही आधी, मुकादमाच्या अगोदर सरकार वाडीवर पोचलं पाहिजे. आदिवासींसाठी खावटी, म्हणजे पावसाळ्यात पोटापाण्यासाठी सरकारी मदत, होतीच की, मधे बंद पडली, कोविडच्या वेळी एका वर्षासाठी 4000 रुपये दिले, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. म्हणजे पावसाळ्यात चूल विझते हे सरकारला पक्कं माहीत आहे! मग ती दरवर्षी का नाही? कातकरी तर केंद्राच्या यादीतली अतिअसुरक्षित जमात, तरी कित्येकांकडे जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड वेगळं केलेलं नाही. रोजगार हमीचं काम मागितलं तर ते दिवाळीनंतर निघतं, तोवर वाडी रिकामी झालेली असते. आईबाप कामाला बाहेर गेले की मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं कागदावर असतात, पण ती कुटुंबं जायच्या आधी सुरू झाली तरच मूल मागे राहील ना.

इथे माझ्या लिस्टमध्ये नाशिक, नगर, रायगड, पालघरचे बरेच जण आहेत, शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत. शाळेच्या वेळेला मेंढ्यांच्या वाड्यावर वेगळीच भाषा बोलणारं, एकटंच काम करणारं पोर दिसलं तर त्याचं गाव विचारा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. वर्गात सलग गैरहजर असलेल्या आदिवासी मुलाच्या नावापुढे नुसतं “स्थलांतरित” लिहून सोडू नका, कोणाबरोबर गेलं, कुठे गेलं ते घरी जाऊन विचारा. आणि तुमच्या जिल्ह्यात आणि प्रांताच्या उपविभागात वेठबिगारीची दक्षता समिती असायला हवी, कायद्यातच आहे ती. तिची शेवटची बैठक कधी झाली ते प्रांत ऑफिसला लेखी विचारा. उत्तर आलं की कॉमेंटमध्ये टाका, मी सगळी एकत्र करून आदिवासी विकास विभागाला पाठवणार आहे.