ऑर्डर बदला, पण पत्ता लागू देऊ नका

आंब्याचा सीझन तोंडावर आलाय. देवगड असो की रत्नागिरी, ज्याच्या परसात चार कलमं त्याचं ऑनलाइन दुकान. तुमचंही असेलच. वेबसाइटवर दुकान मांडून देणारं वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर टाकलं, 2018 साली हापूसला मिळालेलं जीआय मानांकन होमपेजवर मिरवलं, झालं! आता ऑर्डरी येतील आणि आल्या की बदलतील. काय बदललं ते कुणालाही कळता कामा नये, एवढंच सांभाळा.

अडचण एकच. 2017 च्या 3.0 आवृत्तीपासून वूकॉमर्स ऑर्डरची जुनी माहिती एका कप्प्यात आणि बदल दुसऱ्या कप्प्यात ठेवतं. कोडमधून ‘गेट चेंजेस’ (काय बदललं?) विचारलं की बदल पुढ्यात. पण सेव्ह झालं की बदल मूळ माहितीत मिसळतात आणि तो कप्पा रिकामा होतो. म्हणून साइटचा कोड लिहिणाऱ्या भाच्याला सांगा, बाबा रे, आधी सेव्ह कर, मग विचार. उत्तर येईल, काहीही बदललेलं नाही. दादरच्या काकूंनी पत्ता डोंबिवलीचा केला तरी बदलांची नोंदवही, म्हणजे लॉग, कोरा आणि पेटी भरणाऱ्याला पत्ताच नाही. पेटी दादरच्या बंद दाराशी, काकू डोंबिवलीला लेकीकडे, आणि हापूस मात्र वेळेवर पिकतो. सेव्हच्या आधी आपला कोड चालवता येईल अशी जागा, म्हणजे हुक, हीही असते म्हणतात. भाच्याला त्या वाटेला जाऊच देऊ नका.

पाच डझनांचे दोन डझन झाले? मग तर ऑर्डरलाच विचारा. नग तिच्याकडे नसतातच, ते लाइन आयटम नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टवर, म्हणजे कोडमधल्या माहितीच्या वेगळ्या गाठोड्यावर असतात. ‘वॉचमनकडे ठेवा’ ही सूचना मेटामध्ये, म्हणजे ऑर्डरला जोडलेल्या जादा माहितीत टाकलीत तर तीही ‘गेट चेंजेस’च्या यादीत येत नाही. सगळं कसं आपसूक!

तरी धाकधूक वाटलीच तर थेट डेटाबेसात शिरून हाताने बदला. तिथे कुठलं ऑब्जेक्ट आणि कुठला कप्पा! वूकॉमर्सच्या 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी स्वतंत्र टेबलांत असतात, तेव्हा भाच्याने जुना व्हिडिओ बघून पोस्टमेटात, म्हणजे ऑर्डरींच्या जुन्या टेबलात पत्ता बदलला तर दुधात साखर. बदलल्याचं समाधान त्याला, पेटी जुन्याच पत्त्यावर.

कुणी, कधी, कशाचं काय केलं ते ऑर्डर नोटमध्ये लिहायची सवय असेल तर आजच मोडा. काकूंचा फोन आला की कुरिअरवाल्याचं नाव घ्या. तो उलटला तर नेटवर्क आहेच, घाटाच्या अलीकडे त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवतो.